आजार, औषध आणि मूळ स्वभाव : पार्किन्सन्सच्या एका रुग्णाची केस

पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या घरची माणसं डॉक्टरांसमोर बसली की हात किती थरथरतो, चालताना पाय अडकतो का, गोळीचा असर किती तास टिकतो, हे सगळं नीट सांगतात. ‘यांचा स्वभावच बदललाय हो’ हे वाक्य येतं ते उठता उठता, आणि तोवर पुढचा रुग्ण आत आलेला असतो. पुढची केस या वाक्याची आहे. ती कोणा एका खऱ्या माणसाची नाही. या आजारात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका आयुष्यात गुंफून ती उभी केली आहे. आजाराबद्दल, औषधांबद्दल आणि संशोधनाबद्दल जे सांगितलंय ते मात्र कल्पित नाही.

आधीचा माणूस

हे गृहस्थ हिशेब तपासनीस. वय ५७ असताना उजव्या हाताला कंप सुरू झाला, सही बारीक होत गेली आणि निदान झालं. त्याआधीच्या त्यांच्याबद्दल पत्नी आणि मुलगी एकमुखाने एकच सांगतात: काटेकोर. पावती हरवली म्हणून जेवायचं ताट बाजूला सारून ती शोधणारे. कर्ज कधी नाही, सिगारेट कधी नाही, नवं काही करायचं तर आधी चार जणांना विचारून. फिरायला जायचं ठिकाणही वर्षानुवर्षं तेच.

हे वर्णन न्यूरॉलॉजिस्टच्या ओळखीचं असतं. मेहनती, वक्तशीर, सावध, जोखीम टाळणारा असा ‘पार्किन्सन्सचा स्वभाव’ असतो, असं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून लिहिलं जातंय. नव्वदीच्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ क्लोनिंजर यांच्या स्वभावमापनाची प्रश्नावली हाताशी आली आणि या जुन्या निरीक्षणाला आकडे मिळाले: रुग्णांमध्ये नावीन्याची ओढ सरासरीने कमी, धोका टाळण्याची वृत्ती जास्त. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा आजार कमी आढळतो, हेही अनेक पाहण्यांत दिसलं आहे. ते पाहून काहींना वाटलं, निकोटिनच मेंदूला वाचवत असेल. पण निकोटिनच्या पट्ट्या लावून केलेल्या चाचणीत आजाराचा वेग काही कमी झाला नाही. मग दुसरी शक्यता उरते: ज्याच्या मेंदूत डोपामाइनची (पेशींमधला निरोप पोचवणारं रसायन, पार्किन्सन्समध्ये हेच कमी पडतं) बक्षीस देणारी यंत्रणा आधीपासूनच मंद आहे, त्याला सिगारेटची चटकच लागत नसेल, किंवा लागली तरी सहज सुटत असेल.

ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या आरोग्य-नोंदींच्या संग्रहातल्या जवळपास ५ लाख लोकांच्या सुमारे १२ वर्षांच्या नोंदींतून एक गोष्ट पुढे आली. स्वभावात काळजी, अस्वस्थता, चटकन खचणं जास्त असलेल्यांना पुढे पार्किन्सन्स होण्याचं प्रमाण अधिक होतं. म्हणून काळजी करणाऱ्या प्रत्येकाने धसका घ्यायचं कारण नाही. वाढलेला धोकाही मुळात छोट्या आकड्याचाच वाढलेला भाग आहे. पण स्वभाव आणि आजार एकाच मुळातून वर येत असावेत, ही शंका त्यातून बळावते. संशोधक ब्राक यांनी २००३ मध्ये आजाराचा मेंदूतला प्रवास सहा टप्प्यांत मांडला. त्यांच्या मांडणीनुसार बहुतेक रुग्णांत बिघाड मेंदूच्या देठाकडून वर सरकतो. हात थरथरायच्या आधीच तिथली सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही निरोप पोचवणारी रसायनं तयार करणारी केंद्रं बाधित झालेली असतात, आणि चिंता नि मनःस्थिती यांच्याशी त्यांचा थेट संबंध आहे.

या गृहस्थांच्या बाबतीत मुलीने एक गोष्ट फार नेमकी सांगितली. निदानाच्या साधारण दोन वर्षं आधी बाबा ‘विझले’ होते. मित्रांचा फोन आला तरी ‘नंतर करतो’ म्हणायचे आणि करायचे नाहीत. आवडीची गोष्ट समोर ठेवली तर नको म्हणत नसत, पण स्वतःहून हातही लावत नसत. घरात सगळे म्हणाले, वय झालं. हा काळ डॉक्टरांच्या फाइलमध्ये नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं. पण आजवरचा स्वभाव आणि आजाराने आणलेला स्वभाव यांच्यामधली रेघ काढायची तर ती इथेच काढावी लागते. काटेकोरपणा चाळीस वर्षांचा होता. विझणं दोन वर्षांचं.

गोळी लागू पडली

वय साठीच्या आत, म्हणून सुरुवात लिव्होडोपाने (मेंदूत गेल्यावर डोपामाइन बनणारं औषध) न करता प्रॅमिपेक्सोलने (डोपामाइनची नक्कल करणाऱ्या गटातलं औषध) झाली. तरुण रुग्णांत असं बऱ्याचदा करतात. लिव्होडोपा लवकर सुरू केली की पुढे अंगाला अनावर हेलकावे येण्याची भीती जास्त असते. डोस हळूहळू वाढत दिवसाला ३ मिलिग्रॅमवर गेला. तिसऱ्या वर्षी लिव्होडोपाचे ३०० मिलिग्रॅम जोडले.

पहिल्या वर्षातच हात सुधारला आणि त्याहून जास्त सुधारला माणूस. ते बोलायला लागले. पाहुण्यांत बसून विनोद सांगायला लागले. पत्नीचे शब्द: “लग्नानंतर इतकी वर्षं मी यांना ज्याबद्दल टोचत होते, ते सगळं हे आपणहून करायला लागले.” औषधाचा दुष्परिणाम घरात आला तो असा हसतखेळत, म्हणून त्याला कुणी अडवलं नाही. या केसमधला मला सगळ्यात बोलका वाटणारा भाग हाच आहे. वाईट बदल चटकन ध्यानात येतो. हवाहवासा बदल आला की आपण त्याला बरं होणं म्हणतो.

मग घड्याळं आली. आधी घरातलं एक बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं. त्या कामात एक शारीरिक सोयही होती: पार्किन्सन्सचा कंप मुख्यतः हात स्वस्थ असताना असतो, हात कामात गुंतला की ओसरतो. चिमट्यात स्क्रू धरलेला असताना त्यांचा हात जवळजवळ स्थिर असे. पुढे जुनी घड्याळं ऑनलाइन मागवणं सुरू झालं. मुलीने एकदा रात्री तीन वाजता त्यांच्या खोलीत डोकावलं. टेबलावर बाटल्यांची झाकणं ओळीने मांडलेली, प्रत्येकात एकाच मापाचे स्क्रू, आणि प्रत्येक झाकणाखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. दिवसभरात लावलेले स्क्रू ते पुन्हा ओतून पुन्हा लावत होते. खोलीत तीसेक घड्याळं होती. त्यातलं एकही जोडून पूर्ण झालेलं नव्हतं. बाबांना हाक मारली तर ते चिडले नाहीत, नुसतं “झालंच” म्हणाले आणि उजाडेपर्यंत तिथेच होते.

याला पंडिंग म्हणतात. उघडणं, लावणं, मोजणं, पुन्हा उघडणं. फळ काही नाही, पण हात थांबत नाही. हे वर्तन मुळात ॲम्फेटामिनच्या व्यसनींमध्ये नोंदलं गेलं होतं आणि तेही डोपामाइनचंच प्रकरण आहे.

दुसरी गोष्ट मात्र लपवलेली होती. फोनवर शेअरची रोजची खरेदी-विक्री. नफा झालेला दिवस ते आठवडाभर सांगायचे. तोट्याचं विचारलं तर त्यांना खरोखरच तपशील आठवत नसे. मुलीच्या हाती बँकेचं विवरण लागलं तोवर बचतीचा मोठा हिस्सा गेला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस स्वतःचा हिशेब बघायला तयार नव्हता.

एकाच मेंदूत कमी आणि जास्त

हे कसं होतं ते समजायला मेंदूच्या आतली रचना थोडी पाहावी लागते. १९८६ मध्ये अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक यांनी दाखवलं की मेंदूचा पुढचा भाग आणि खोलवरचा स्ट्रायटम यांच्यामध्ये एकच नव्हे तर समांतर चालणाऱ्या अनेक वळशांच्या वाटा आहेत. एक हालचालीची, एक डोळ्यांची, एक नियोजनाची, एक बक्षीस तोलण्याची, एक प्रेरणेची. डोपामाइन या सगळ्यांवर नळ सोडतं, पण पार्किन्सन्समध्ये सगळे नळ एकदम आटत नाहीत. हालचालीच्या वाटेचा पाणीपुरवठा, म्हणजे स्ट्रायटममधल्या पुटामेनचा मागचा भाग, आधी आणि जास्त कोरडा पडतो. बक्षिसाच्या वाटेचा, म्हणजे स्ट्रायटमचा तळाकडचा भाग, बराच काळ ओला राहतो.

गोळी मात्र कुठला भाग कोरडा आहे ते पाहून जात नाही. हात सुधारेल एवढा डोस दिला की जिथे पुरेसं पाणी आहे तिथे ते ओसंडतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ही ‘अतिमात्रे’ची कल्पना मांडली जातेय. त्यात प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गोळ्यांची ओढ डी-३ नावाच्या ग्राहीकडे (डोपामाइन पेशीवर जिथे चिकटतं ती जागा) अधिक असते आणि अशा ग्राही बक्षिसाच्या वाटेवर दाट आहेत. २००४ मध्ये फ्रँक आणि सहकाऱ्यांनी शिकण्याच्या प्रयोगात एक सुबक गोष्ट दाखवली: औषध बंद असताना रुग्ण चुकीच्या निवडीपासून चांगलं शिकतात, औषध चालू असताना यशापासून. तोटा न आठवणारे आपले गृहस्थ खोटं बोलत नव्हते. तोट्याची खूण त्यांच्या मेंदूत पुरेशी खोल उमटतच नसावी.

हे किती जणांना होतं? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डॉमिनियन अभ्यासात ३,०९० रुग्ण तपासले होते. जुगार, खरेदी, लैंगिक वर्तन आणि खाणं या चारपैकी किमान एका बाबतीत ताबा सुटलेले १३.६ टक्के निघाले. प्रॅमिपेक्सोलसारखं औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. म्हणजे ही गोळी घेणारे बहुसंख्य लोक ठीक असतात. मग कुणाला होतं? वय कमी, घरात जुगाराचा इतिहास, धूम्रपान, लग्न झालेलं नसणं या गोष्टी डॉमिनियनमध्ये पुढे आल्या. इतर अभ्यासांत नावीन्याची ओढ आणि उतावळेपणा. आपल्या गृहस्थांत यातलं वय सोडलं तर काहीच नव्हतं. ‘हे इतके सावध, यांना काय होणार’ या समजुतीने घरचे आणि डॉक्टर दोघेही निर्धास्त राहिले, आणि दर तीन महिन्यांच्या भेटीत पैशांचा किंवा रात्रीच्या झोपेचा प्रश्न निघालाच नाही. मूळ सावध स्वभाव हे कवच आहे असं मानून चालणं धोक्याचं आहे. गोळी घासते ती नेमक्या त्याच जागी, जिथे तो सावधपणा राहतो.

प्रश्नावली भरताना

ताबा सुटल्याचं निदान पक्कं करताना दोन स्वभाव-प्रश्नावल्या भरून घेतल्या. एक गृहस्थांनी स्वतः, आजच्या स्वतःबद्दल. दुसरी पत्नीने, दहा वर्षांपूर्वीच्या नवऱ्याबद्दल. दोन्ही शेजारी ठेवल्या तर दोन वेगळी माणसं दिसत होती. पण त्यावरून लगेच निष्कर्ष काढायला नको, कारण या आजारात प्रश्नावलीच फसवते.

क्लोनिंजरच्या प्रश्नावलीत धोका टाळण्याच्या वृत्तीचे चार उपभाग आहेत: पुढची चिंता, अनिश्चिततेची भीती, परक्यांसमोर संकोच आणि चटकन थकणं. शेवटचा उपभाग पार्किन्सन्सच्या रुग्णाला जवळजवळ फुकट गुण देतो. थकवा हे आजाराचंच लक्षण आहे. त्याचे गुण स्वभावाच्या खात्यात जमा होतात. तसंच बहिर्मुखतेचं. चेहऱ्याचे स्नायू आखडलेले, आवाज खाली गेलेला. अशा माणसाने गप्पांमध्ये मागे राहणं हा स्वभाव की शरीराची अडचण? म्हणून इथे एकूण गुण बाजूला ठेवून एकेक विधान घेऊन बोलणं झालं. तेव्हा कळलं की संकोचाची उत्तरं दहा वर्षांत फारशी हललेली नव्हती. हललं होतं ते ‘निर्णय घेण्याआधी मी सगळ्या बाजू तपासतो’ या धाटणीचं सगळं.

स्कॅनमधलं चित्र

याच सुमारास ते एका संशोधनात सहभागी झाले होते आणि त्यांचा विश्रांत अवस्थेतला एफएमआरआय झाला होता. मुलगी त्यातलं रंगीत चित्र घेऊन आली. “यात बाबांचा बिघाड कुठे आहे, ते दाखवा.”

या स्कॅनमध्ये मेंदूचे भाग जोडणाऱ्या तारा प्रत्यक्ष दिसत नाहीत. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचे अतिशय संथ चढउतार मोजले जातात. दोन भागांचे चढउतार एका लयीत होत असतील तर ते ‘जोडलेले’ मानतात. १९९५ मध्ये बिस्वाल यांनी दाखवलं की माणूस नुसता पडून असतानाही दोन्ही बाजूंच्या हालचालींच्या केंद्रांत अशी लय असते. तिथून जाळ्यांचं शास्त्र उभं राहिलं. स्वतःत रमताना जागं असणारं डिफॉल्ट मोड जाळं, कशाकडे लक्ष द्यायचं ते ठरवणारं सेलियन्स जाळं, आणि हातातलं काम पुढे नेणारं कार्यकारी जाळं. या तिघांचा समतोल पार्किन्सन्समध्ये हलतो. विझलेल्या रुग्णांत पुढचा भाग आणि स्ट्रायटम यांची लय सुटल्याचं दिसतं. ताबा सुटलेल्यांमध्ये सेलियन्स जाळं चढं आणि कार्यकारी जाळं उतरतं असल्याचे निष्कर्षही आहेत.

एवढं ऐकून मुलीला वाटलं, म्हणजे चित्रात कळणारच. नाही कळत, आणि यामागची कारणं सांगताना आडपडदा ठेवू नये. पहिलं, हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एका माणसाचं चित्र त्या सरासरीच्या कुठल्याही बाजूला पडू शकतं. दुसरं, हालचाल. पॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की डोकं मिलिमीटरपेक्षा कमी हललं तरी जवळच्या जोडण्या खोट्याच बळकट दिसतात आणि लांबच्या दुबळ्या. थरथरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही शंका कायमची मानगुटीवर. तिसरं, गोळी घेऊन किती तास झालेत यावर चित्र बदलतं. आणि चौथं २०२२ मधलं: मारेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वर्तनातला फरक मेंदूच्या जोडण्यांशी खात्रीने जोडायचा तर हजारो माणसं लागतात, तर नेहमीचे अभ्यास पंचवीसेक जणांचे असतात.

गोंधळ जुनाही आहे. २००१ मधल्या एका अभ्यासात औषध सुरू न केलेल्या ६१ रुग्णांचा स्वभाव मोजला आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा पेट स्कॅन (मेंदूतल्या डोपामाइनचं काम दाखवणारी तपासणी) झाला. अपेक्षा अशी की नावीन्याची ओढ डोपामाइनबरोबर कमी झालेली दिसेल. तसा संबंध सापडला नाही. उलट धोका टाळण्याची वृत्ती स्ट्रायटममधल्या उजव्या कॉडेट भागातल्या डोपामाइनच्या कार्याबरोबर वाढलेली निघाली, म्हणजे कल्पनेच्या नेमकी उलट. तीन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासात दिसलं की मेंदूच्या डाव्या बाजूला तूट जास्त असेल तर नावीन्याची ओढ घटते, उजव्या बाजूला जास्त असेल तर धोका टाळणं वाढतं. आपल्या गृहस्थांचा कंप उजव्या हातात, म्हणजे तूट डावीकडे. विझण्याच्या त्या दोन वर्षांशी हे छान जुळतं. पण छान जुळणारी गोष्ट एका रुग्णाच्या बाबतीत पुरावा ठरत नाही. चित्र फाइलमध्ये गेलं. उपचार ठरला तो तारखांवरून. विझणं कधी, गोळी कधी, डोस कधी वाढला, पहिलं पार्सल कधी आलं.

डोस उतरवताना

प्रॅमिपेक्सोल हळूहळू कमी करत आणायचं आणि हालचालीसाठी लिव्होडोपा वाढवायची, असं ठरलं. सोबत खरेदीच्या ऊर्मीवर वर्तनोपचार, आणि बँकेच्या व्यवहारांना मुलीची संमती. गृहस्थांचा विरोध शांतपणे आला: “मी आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता जगतोय, आणि तुम्ही तेच काढून घेताय.” हे म्हणणं मी फेटाळून लावणार नाही. उपचार करणाऱ्यांनी त्यांना एवढंच विचारलं की रात्री तीन वाजता घड्याळं उघडताना मजा येते का. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “नाही. थांबता येत नाही.” तिथून ते तयार झाले.

डोस निम्म्याखाली गेला तेव्हा दुसरं संकट आलं. धडधड, घाम, कशातच रस नाही, सकाळी पलंगावरून उठायची इच्छा नाही, आणि गोळीची तहान. लिव्होडोपा वाढवूनही त्यात फरक पडेना. हे या गटातली औषधं सोडताना येणारं विरह-लक्षण आहे, २०१० मध्ये वेगळं नोंदलं गेलेलं. ताबा सुटलेल्यांनाच ते प्रामुख्याने होतं, म्हणजे ज्याला औषध सोडणं भाग आहे त्यालाच सोडणं जड. कपात थांबवली, एक पायरी मागे घेतली, आणि पुढचे टप्पे आधीच्यापेक्षा बरेच लांबवले.

सध्या ते प्रॅमिपेक्सोलच्या छोट्या डोसवर आहेत. ट्रेडिंग बंद आहे. घड्याळांपैकी चार उरली आहेत आणि त्यातली दोन चालू झाली आहेत. बोलणं कमी झालंय, पण निदानाआधीच्या त्या दोन वर्षांइतकं नाही. पत्नीची तक्रार मात्र कुठल्याच प्रश्नावलीत बसत नाही: तिला पाहुण्यांत विनोद सांगणारा नवरा परत हवाय, घड्याळांशिवाय. असा डोस सापडेल का, हे कुणी सांगू शकलेलं नाही.

पुढचा निर्णय शस्त्रक्रियेचा आहे. गोळीचा असर दिवसातून अनेकदा उतरतो, म्हणून मेंदूत विद्युतदांडी बसवण्याची चर्चा सुरू झाली आहे. सबथॅलॅमिक केंद्रात दांडी बसवली तर औषधं बरीच कमी करता येतात. त्याने ताबा सुटणं थांबू शकतं, पण औषधं झटक्यात उतरवली तर विझणं परत येऊ शकतं, आणि काही रुग्णांत त्या केंद्राचं उत्तेजनच निर्णय घाईने घ्यायला लावतं. मेंदूतलाच ग्लोबस पॅलिडस नावाचा भाग हा दुसरा पर्याय. तिथे औषधं तेवढी कमी होत नाहीत. दोन्हींतलं निवडताना डॉक्टरांनी यावेळी मुलीकडून तारखांचा तोच कागद पुन्हा मागवला आहे, आणि पत्नीला दहा वर्षांपूर्वीची नाही, तर निदानाआधीच्या दोन वर्षांची प्रश्नावली भरायला दिली आहे.